कानिफनाथाचं तिसरं चक्र

कानिफनाथाचं पुढं काय होणार, ही पुष्पावतीबाईंची काळजी तशी जुनीच. तो तिसरीत असताना ती सुरू झाली, सातवी पास झाला तेव्हा जरा निवली, आणि त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला त्या दिवशी आता आपण सुटलो असं बाईंना वाटलं. पण नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात ती परत आली आणि मनात ठाण मांडून बसली. भाजी निवडताना, फळ्यावर तारीख लिहिताना, मुलाची वाट बघत दारात उभं राहिल्यावर, कधीही वर यायची. कारण सांगायला गेलं तर अगदी छोटं. रोज सकाळी दुधाचे कॅन भरून राहुरीला जाताना कानिफ बाईंच्या दारासमोर हॉर्न वाजवायचा आणि बाई ओट्यावरून हात हलवायच्या. आता टेम्पो जायचा, हॉर्न वाजायचा नाही. गृहपाठ न करता आलेलं पोर वर्गात शिरताना जशी मान पलीकडं वळवतं, तशी मान वळवून हा तीस वर्षांचा बाप्या दारासमोरून निघून जायचा.

कानिफ मूळचा इथला नव्हे. त्याची आई लंकाबाई पाथर्डीकडची. मुळा धरणाच्या कालव्याचं काम निघालं तेव्हा नवऱ्याबरोबर माती वाहायला आली. काम संपलं, नवरा दुसरं काम शोधायला गेला तो गेलाच, आणि लंकाबाई पोराला घेऊन वाडीच्या कडेला राहिली. मढीच्या नाथाला नवस बोलून झालेलं पोर म्हणून नाव कानिफनाथ. शाळेत मात्र त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. आधीच्या गुरुजींनी त्याला 'दगड' म्हणायला सुरुवात केली होती आणि तो त्या नावाला ओ द्यायचा.

बाई तेव्हा नव्यानंच बदलून आलेल्या. नगरच्या कॉलेजात बी.ए. झालेली बाई वाडीवरच्या शाळेत कशाला आली, याचं लोकांना नवल वाटे. बाईंना लहान मुलांना शिकवायला मनापासून आवडायचं, दुसरं काही कारण नव्हतं. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. पाटीवर उत्तर चुकलेलं दिसलं तरी त्या फुली मारत नसत. गणित वरून खाली वाचत यायच्या, जिथं पाय घसरला असेल तिथं खडूनं गोल काढायच्या आणि म्हणायच्या, "थोडक्यात हुकलं रे. परत एकदा कर बरं." थोडक्यात म्हणजे खरंच थोडक्यात. ज्याचं सगळंच चुकलंय त्याला त्या हे वाक्य म्हणत नसत. त्याची पाटी पुसून पहिल्यापासून शिकवत. पोरांना हे पक्कं ठाऊक होतं. बाईंनी 'थोडक्यात' म्हटलं की पोर समजायचं, आपल्याला येतंय, आता ती एक जागा तेवढी शोधायची.

कानिफची ती जागा म्हणजे भागाकारातली तिसरी पायरी. भाग बरोबर लावायचा, गुणाकार बरोबर करायचा आणि वजाबाकीला हमखास घसरायचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याच्या पाटीवर त्याच जागी गोल पडत होता. मग एका दुपारी वजाबाकी बरोबर आली. त्यानं पाटी आधी बाईंना दाखवली आणि मग धावत जाऊन शाळेच्या भिंतीला बाहेरून टेकून बसलेल्या आईला. लंकाबाईला अक्षर कळत नव्हतं. तिनं पाटीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. त्या दिवसापासून 'दगड' हे नाव वर्गातून गेलं.

सातवीनंतर कानिफ शिकला नाही. मार्केट यार्डात गोण्या उचलल्या, ट्रकवर क्लीनर राहिला, मग स्टीअरिंगवर बसला. पण बाईंचं ते वाक्य त्याच्या अंगात भिनलं होतं. गाडी सुरू झाली नाही की हा इंजिनालाच म्हणतो, थोडक्यात हुकलं, परत एकदा, असं गॅरेजवाला हसत सांगायचा. टेम्पो घेतला तेव्हा मागच्या फळीवर त्यानं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'पुष्पावतीबाईंचा आशीर्वाद'. नगरच्या नाक्यावर एका हवालदारानं गाडी अडवून विचारलं होतं, "ही कुठली रे देवी? हिची जत्रा कधी आसती?"

"रोजच आसती," कानिफ म्हणाला. "अकराला घंटा व्हती."

बाईंचे यजमान रंगनाथराव वारले तेव्हा त्यांचा मुलगा ओंकार कॉलेजात होता. त्या दिवसांत गॅसची टाकी आणण्यापासून ओंकारला नगरच्या हॉस्टेलवर डबा पोचवण्यापर्यंत सगळं कानिफनं केलं. लहानपणी ओंकार त्याच्याच खांद्यावर बसून यात्रेला जायचा. "माझा धाकटा भाऊ कंप्युटर शिकतोय," असं कानिफ बाजारात कुणालाही सांगे. पुढं ओंकारनं राहुरीत स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा ती यंत्रं नगरहून कानिफनंच आणली, खाली गोधडी अंथरून.

तर असा हा माणूस मान वळवून जायला लागला. बाईंनी ओंकारला विचारलं, "कानिफचं काही बिनसलंय का रे?"

"मला काय माहीत," ओंकार म्हणाला आणि बुटाची नाडी बांधत राहिला.

उत्तर मिळालं ते त्याच दिवशी राहुरीच्या आठवडे बाजारात. लंकाबाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. बाई वाकून जुडी निवडायला लागल्या तशी तिनं त्यांचा हात धरला.

"बाई, एक इचारू का? राग न्हाई ना धरनार?"

"विचार की."

"माझ्या पोराला तुमी खेळायला कशापायी सांगता?"

बाईंना हसू आलं. "कसला खेळ, लंकाबाई?"

"त्यो आप्पासाहेबाच्या दुकानातला. बटन दाबायचा. मी गेल्ते त्याला उठवून आनायला. तर मला म्हनला, आये, बाईच सांगत्यात परत एकदा कर म्हून. मी म्हनलं, बाई हितं कुठं आल्यात? तवर त्या डब्यातनं तुमी बोललात. माझ्या कानानं आयकलं."

"अगं, दुसरी कुणी असेल."

"दुसरी कशी आसंल? पोरगं सुटंपतुर शाळंच्या भिताडाला टेकून मी रोज तुमचा आवाज आयकत बसायचे. मला इसरंल व्हय तो?" लंकाबाईनं हात सोडला. "दुधाचं पैसं त्या डब्यात गेलं. आता उद्या सकाळी टेम्पो गहान ठेवतोय आप्पासाहेबाकडं. ह्यो टेम्पो गेला तर पुन्हा गोन्या उचलायच्या का त्यानं? त्याचं शरीर आता त्ये ऱ्हायलंय का? तुमचं तो आयकतो, बाई. माझं न्हाई आयकत."

मेथीची जुडी बाईंच्या हातातच राहिली. आदल्या दिवाळीतली दुपार त्यांना आठवली. ओंकारनं रुमालात गुंडाळून एक छोटा माइक आणला होता. मुलांना गणित शिकवणारा कार्यक्रम करतोय, म्हणाला, शाळांना देणार. तुझाच आवाज हवा, आई. बाई नवी साडी नेसून त्या माइकसमोर बसल्या होत्या, जसं काही कुणी बघणारच होतं. 'शाब्बास' म्हणाल्या, 'घाई नको, नीट बघ' म्हणाल्या, आणि ते वाक्यही. ओंकार म्हणायचा, "अजून एकदा, जरा हसत म्हण." मग त्यानं पडद्यावर बेरजा-वजाबाक्या दाखवल्या होत्या, आणि बाईंनी ते शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं होतं. पुढं त्या कार्यक्रमाचं काय झालं असं विचारलं, तर म्हणाला, शाळा घेत नाहीत, बघू. बाईंनीच त्याची समजूत घातली होती.

आणखीही एक आठवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ओंकारनं विचारलं होतं, आई, तू लहानपणी नेवाशाच्या यात्रेत ते फळांचं यंत्र बघितलं होतंस ना, ते कसं होतं? मोठा झालेला मुलगा आपल्या लहानपणाचं विचारतो, याचाच बाईंना केवढा आनंद. लाकडाची पेटी, बाजूला पितळी दांडा, आत तीन चक्रं, चक्रांवर हातानं रंगवलेले आंबे, पेरू, सीताफळं. दांडा ओढला की चक्रं फिरायची, तीन सारखी फळं आली की बक्षीस. त्यांनी कागदावर चित्रसुद्धा काढून दिलं होतं.

बाई बाजारातून घरी गेल्या नाहीत. व्याजानं पैसे देणाऱ्या त्या आप्पासाहेबांच्या दुकानात सरळ गेल्या.

दुकान स्टँडमागच्या गल्लीत होतं. दारावर पडदा, वर पाटी, 'जुनी जत्रा'. आत चार कॉम्प्युटर मांडलेले आणि त्या चारहींसमोर चार माणसं. प्रत्येक पडद्यावर बाईंची पेटी होती. तीच लाकडाची चौकट, तोच पितळी दांडा, आंब्याला तेच एक हिरवं पान, जे त्यांनी कागदावर काढलं होतं. माउसच्या जागी एकच लाल बटण. दुसरं काही शिकायचंच नव्हतं. गल्ल्यावर पैसे द्यायचे, बटण दाबायचं आणि बघत राहायचं.

"या बाई, या," आप्पासाहेब गल्ल्यावरून उठले. "तुमचंच दुकान आहे. ओंकारराव म्हणजे आमच्या धंद्याचं डोकं. चहा सांगू?"

कानिफ शेवटच्या खुर्चीवर होता. बाईंना बघून तो ताडकन उभा राहिला, वर्गात उभा राहायचा तसा. मग त्याचा चेहरा उजळला. चोरी पकडली गेल्यासारखा तो अजिबात दिसला नाही, आणि बाईंना त्याचीच भीती वाटली.

"बरं झालं आलात, बाई. मी म्हनत हुतो, जमल्यावरच तोंड दाखवीन. पन आता आलाच हाय तर बघा." त्यानं बाईंना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "ह्ये पयलं चक्र. ह्ये दुसरं. ह्या दोन्हीवर आता हात बसलाय माझा. तिसरं तेवढं घसरतंय. आपल्या भागाकारावानी. तवा वजाबाकी नडायची, आता ह्ये नडतंय."

त्यानं बटण दाबलं. चक्रं फिरली. पहिल्यावर आंबा थांबला, दुसऱ्यावर आंबा थांबला. तिसऱ्यावर आंबा आला, रेघेवर क्षणभर टेकला आणि हळूच खाली सरकला. त्याच्या जागी पेरू आला.

"थोडक्यात हुकलं रे," पेटीतून पुष्पावतीबाई म्हणाल्या, जरा हसत. "परत एकदा कर बरं."

"आयकलं?" कानिफ म्हणाला. "पयल्या दिशी लई लांब जायाचं. तवा तुमी नुसतं 'नीट बघ' म्हनायच्या. आता रोज थोडक्यात येतंय."

"कानिफ, ऊठ. घरी चल."

"आत्ता न्हाई, बाई. आत्ता उठलो तर बसल्याला हात जाईल."

"उद्या टेम्पो गहाण ठेवतोयस म्हणे."

त्यानं खाली बघितलं. "आयेनं सांगितलं व्हय. कायमचा न्हाई देत. जमलं की सोडवून आनतो. आन जमनारच हाय. तुमी कदी कुनाला उगंच थोडक्यात म्हनला न्हाई."

"ते मी म्हणत नाहीये, कानिफ."

"मग कोन, आप्पासाहेब?" कानिफ हसला. बाकीचे तिघं हसले. आप्पासाहेबही हसले. "त्यांचा आवाज आसता तर एक गिऱ्हाईक बसलं नसतं."

बाईंनी त्या तिघांकडं नीट बघितलं. त्यातला एक पुंजाराम, सायकल दुरुस्तीवाला, त्यांच्याच हाताखालून गेलेला. दुसऱ्याचं नाव आठवलं नाही, पण बेरजेत हातचा विसरायचा तो हाच. या माणसांना इथं काय सांगायचं आणि कशाच्या जोरावर, ते त्यांना कळेना. त्या उठून बाहेर आल्या. मागून पुन्हा त्यांचाच आवाज येत होता.

ओंकार दिवेलागणीच्या आधीच घरी आला. आप्पासाहेबांनी त्याला सांगितलं असणार, कारण दारातच त्यानं विचारलं, "आई, तू तिथं कशाला गेलीस?"

"बस," बाई म्हणाल्या. "कानिफ म्हणतो, त्याचा दोन चक्रांवर हात बसलाय. मला समजावून सांग, हात कसा बसतो."

ओंकार बसला. मग म्हणाला, "हात वगैरे काही नसतं गं. चक्र फिरताना दिसतं तेवढंच. बटण दाबलं की आत आधीच ठरतं, लागणार की नाही ते. पुढचं फिरणं नुसतं दाखवायला."

"मग थोडक्यात कसं हुकतं?"

"ते मुद्दाम तसं दाखवतो. फळ फार लांब राहिलं तर माणूस उठून जातो."

"तो म्हणतो, पहिल्या दिवशी लांब जायचं, आता जवळ येतंय."

"तसंच बसवलंय. जितका वेळ बसेल तितकं जवळ दिसत जातं. लागायचं प्रमाण तेवढंच राहतं."

"आणि माझा आवाज?"

ओंकारनं पँटवरचा डाग नखानं खरवडला. "आधी नव्हता. नुसती घंटा होती. लोक दहा मिनिटांत कंटाळायचे. आप्पासाहेब म्हणाले, काहीतरी बोलणारं टाक. माझ्याकडं तुझं रेकॉर्डिंग होतंच. तो गणिताचा कार्यक्रम मी खरंच केला होता, आई. कुणी घेतलाच नाही. क्लासचं भाडं कुठून द्यायचं? तुझा आवाज टाकला आणि माणसं हलेचनात. सगळे तुझेच विद्यार्थी निघाले."

शेवटचं वाक्य बोलताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो त्याच्या लक्षात आला नाही, बाईंच्या आला.

"कानिफ तिथं बसतो, हे तुला माहीत होतं?"

"सुरुवातीला मी त्याला म्हटलं, दादा, तू नको खेळू. तो म्हणाला, बाई सांगतायत ना. मग मी काय बोलणार?"

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. सवयीनं त्या वरून खाली वाचत आल्या. चौथीत पहिला आलेला ओंकार, वडिलांच्या तेराव्याला न रडता सगळ्यांना पाणी देणारा ओंकार, क्लासच्या दारात आईच्या हातानं नारळ फोडून घेणारा ओंकार. कुठं घसरला, ती एक जागा सापडली असती तर त्यांनी तिथं बोट ठेवलं असतं. पण दिवाळीतल्या माइकपासून आज सकाळच्या बुटाच्या नाडीपर्यंत प्रत्येक पायरीवर त्याला ठाऊक होतं आणि आईला नव्हतं. समोर बसवून, हसत म्हण असं सांगून, त्यानं आईकडून ते काढून घेतलं होतं. परक्यानं फसवलं असतं तर बाईंनी आधी ओंकारलाच येऊन सांगितलं असतं.

"आवाज काढून टाकतो," ओंकार म्हणाला. "उद्याच काढतो. मग तर झालं?"

"आणि चक्र?"

तो पुन्हा पँटवरचा डाग खरवडू लागला.

"टेम्पोचं?"

"मी आप्पासाहेबांना सांगतो, कानिफदादाचा टेम्पो घेऊ नका म्हणून. सांगतो ना. तू यात पडू नकोस."

हा सांगेल की नाही, याचा बाईंनी विचार करून बघितला. कालपर्यंत असा विचार त्यांच्या मनात आला नसता. आज आला, आणि उत्तरही लगेच आलं. एव्हाना कानिफ घरी पोचला असेल, असं धरून त्या फोनपाशी गेल्या. कानिफच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर भिंतीवर रंगनाथरावांच्याच अक्षरात लिहिलेला होता.

"कुणाला करतेस?" ओंकार उठला. "आई, नुसतं 'खेळू नको' एवढंच सांग. बाकीचं कशाला? तो सगळ्या बाजारात सांगेल. आप्पासाहेब मला जिवंत ठेवणार नाहीत. पोलीस आले तर कार्यक्रम कुणी केला म्हणून मलाच धरतील."

ते खरं होतं. एकच मुलगा, आणि आप्पासाहेब कसले आहेत ते राहुरीत कुणाला सांगायला नको. पण नुसतं 'खेळू नको' म्हणून चालणार नव्हतं, हेही त्यांना तितकंच दिसत होतं. कानिफला तेवढंच सांगितलं तर तो समजेल, बाईंनी आपल्याला सोडलं. आपण पुन्हा दगड झालो. मग तो ते खोटं ठरवायला आणखी खेळेल, आणि सकाळी टेम्पोची किल्ली आप्पासाहेबांच्या गल्ल्यावर ठेवेल. तिथं गणित नाहीच, उत्तर कुणी ठेवलेलंच नाही, आणि त्याचा हात कधी चुकलाच नव्हता, एवढं सगळं सांगितलं तरच तो उठणार होता. आणि ते कुणी केलं, असं तो पहिल्यांदा विचारणार होता.

"आई, ऐक ना," ओंकार म्हणाला. लहानपणी तापात बोलायचा तसा त्याचा आवाज झाला होता.

बाईंनी फोनजवळची खुर्ची ओढली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"तू इथं बस," त्या म्हणाल्या. "तो पुष्कळ विचारेल. यंत्रातलं सगळं मला सांगता यायचं नाही. ते तू सांगायचंस."

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि भिंतीकडं बघत एकेक आकडा दाबायला सुरुवात केली.